कापूस गाडला कोणी, पैसे मिळाले कोणाला?

१/ १९३३ चा उन्हाळा. अमेरिकेच्या दक्षिणेत शेतातला उभा कापूस नांगरून मातीत गाडला जात होता आणि त्याबद्दल सरकार पैसे देत होते. सऱ्यांमधून चालण्याची सवय असलेली खेचरे पिकावर पाय ठेवायला तयार होत नसत, अशी कहाणी त्या काळी सांगितली जाई.

२/ कारण सरळ होते. १९२९ मध्ये पौंडाला सुमारे १७ सेंट असलेला कापसाचा भाव १९३१ मध्ये ६ सेंटांखाली घसरला. माल उदंड, गिऱ्हाईक नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १२ मे १९३३ रोजी नव्या शेती कायद्यावर सही केली. लागवड घटवणाऱ्यास मोबदला, आणि त्यासाठीचा पैसा शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांवरील करातून.

३/ त्या हंगामात सुमारे १ कोटी एकर कापूस गाडला गेला. भाव सावरले. योजना यशस्वी ठरली, पण कोणासाठी?

४/ दक्षिणेत कापूस पिकवणारे असंख्य हात भूमिहीन बटाईदारांचे होते, कृष्णवर्णीय आणि गोरे दोन्ही. जमीन, खेचर, अवजारे मालकाची, श्रम साऱ्या कुटुंबाचे, पीक निम्मे-निम्मे. वर्षभराचे धान्य उधारीवर, आणि हंगामाअखेरचा हिशेब मालकाच्याच वहीत.

५/ १९३४-३५ चा सरकारी करार मात्र मालकाशी झाला. पडीक ठेवलेल्या जमिनीचे भाडे पौंडामागे ३.५ सेंट, ते मालकाचे. शिवाय १ सेंट पूरक रक्कम. तिच्यातला अर्धा सेंट बटाईदाराचा. अंमलबजावणी काउंटीतील स्थानिक समित्यांकडे होती, आणि त्यांवर वर्चस्व बड्या जमीनदारांचेच.

६/ लागवड घटली, तशी माणसेही जड झाली. कुळांची संख्या ‘शक्य तोवर’ कायम ठेवावी, असे कराराचे सातवे कलम सांगत होते. त्या दोन शब्दांच्या फटीतून हजारो कुटुंबे बाहेर ढकलली गेली.

७/ आर्कान्सामधील पॉइनसेट काउंटी. जुलै १९३४ मध्ये टायरोन्झा गावाजवळच्या एका शाळेत ११ गोरे आणि ७ कृष्णवर्णीय एकत्र जमले आणि ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन झाली. वंशभेदाच्या त्या प्रदेशात दोन्ही वर्णांची एकच संघटना हेच मोठे धाडस होते. सभासदांना मारहाण, गोळीबार आणि तुरुंगवास सोसावा लागला.

८/ हा वाद वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला. मालकाने तीच कुळे कायम ठेवली पाहिजेत, असा सातव्या कलमाचा अर्थ शेती खात्यातील विधी विभागाने लावला. फेब्रुवारी १९३५ मध्ये विभागप्रमुख जेरोम फ्रँक आणि त्यांचे काही सहकारी नोकरीतून काढले गेले.

९/ ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवली. खटला गिरणीवरील कराचा होता. बटाईदाराचा प्रश्न त्यात नव्हता. पुढे मृदसंधारणाच्या नावाने नवा कायदा आला आणि अनुदान सुरूच राहिले. बटाईदाराला रोजंदारीवर आणले की त्याचा वाटा द्यावा लागत नसे, हे अनेक मालकांनी ओळखले. अनुदानाचा पैसा ट्रॅक्टरकडेही वळला.

१०/ जानेवारी १९३९. मिसूरीच्या आग्नेय कोपऱ्यात बेघर झालेली बटाईदार कुटुंबे कडाक्याच्या थंडीत महामार्गाच्या कडेला चुली मांडून बसली. ओवेन व्हिटफील्ड या धर्मोपदेशकाने उभारलेले हे आंदोलन देशभर गाजले.

११/ कायद्याने भाव वाचवला, हे खरे. परंतु ‘शेतकरी’ कोण, हे त्याने जमिनीच्या कागदावरून ठरवले, हातावरच्या घट्ट्यांवरून नव्हे. मदत कागदामागोमाग गेली आणि घट्टे रस्त्यावर आले.