लिस्प आणि सी यांचा तह

दोन भिन्न स्वभावांचीं घराणीं शेजारीं नांदूं लागलीं, म्हणजे देवघेवीचे नियम ठरवावे लागतात. संगणकाच्या भाषांनाही हा न्याय लागू आहे, हें लिस्प आणि सी यांच्या इतिहासावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

लिस्पची कल्पना जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ मध्यें अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत मांडली. संगणकाच्या स्मृतींतील निरुपयोगी झालेली जागा ही भाषा आपण होऊन मोकळी करते. उलट, डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविलेल्या सी भाषेंत जागा मागणें व परत करणें हा सर्व भार प्रोग्रॅम लिहिणारावर असतो. १९७३ मध्यें युनिक्स सीमध्यें पुन्हा लिहिली गेली, आणि पुढें उपयुक्त फंक्शनांचीं मोठमोठीं भांडारें त्याच भाषेंत तयार झालीं. हें आयतें धन लिस्पच्या उपासकांस टाकवेना. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बर्कले येथील विद्यापीठांत निर्माण झालेल्या फ्रान्झ लिस्पमध्यें सीचीं फंक्शनें बोलावण्याची सोय होती.

परंतु खरी अडचण व्याकरणाची नसून मालकीची आहे. कित्येक लिस्पांची सफाई-व्यवस्था स्मृतींतील वस्तु एका जागेवरून दुसरीकडे हलविते. सीजवळ मात्र जुना पत्ताच राहतो. सीनें मागून घेतलेली जागा लिस्पची सफाई मोकळी करीत नाहीं. शिवाय, सीच्या फंक्शनास काय द्यावयाचें हें लिस्पमध्यें आगाऊ जाहीर करावें लागतें. वर्गमूळ काढणारें फंक्शन दशांश संख्या मागतें. तें पूर्णांक घेतें असें चुकून लिहिलें, तर बहुधा कोणी हटकीत नाहीं, उत्तर मात्र भलतेंच येतें.

१९९४ च्या कॉमन लिस्पच्या अमेरिकन प्रमाणग्रंथांत या देवघेवीविषयीं एकही नियम नाहीं. त्यामुळें प्रत्येक लिस्पनें आपापली रीत पाडली. अनेक लिस्पांस चालेल अशी सामाईक रीत देण्याचें काम २००५ मध्यें पुढें आलेल्या सीएफएफआयनें केलें. कायद्यानें जें दिलें नाहीं, तें वापरणारांनीं वहिवाटीनें मिळविलें.

हा तह उपकारक आहे, यांत आम्हांस शंका नाहीं. मात्र लिस्पनें दिलेलें अभय सीच्या वेशीपर्यंतच पोहोंचतें. वेशीपलीकडे जामीन एकच, जाहीरनामा लिहिणाराची दक्षता.