प्लॉट घेण्याआधी पूररेषा बघा : निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं. 26 जुलै 2005 लाही तिथं पूर आला होता. कोकणातल्या आपल्या कित्येक कुटुंबांची आखाती देशांत राबून जमवलेली कमाई घरात नाहीतर प्लॉटमध्ये जाते. म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी पूररेषा आखतो. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र. तिथं बाग, वाहनतळ चालतं, नवं घर नाही. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात बांधकाम करायचं तर ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंच हवं.

‘100 वर्षांतून एकदा’ म्हणजे शंभर वर्षं निवांत, असं नव्हे. दरवर्षी शक्यता 1 टक्का. 30 वर्षं राहणाऱ्या घराला ती 26 टक्के होते.

नुसता सातबारा बघून किंवा जागा एनए आहे एवढ्यावर बयाणा देऊ नका. नगरपरिषद किंवा नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, आपला गट नंबर कुठल्या रेषेत येतो ते विचारा. गेल्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्यांनाही विचारा. आणि भराव टाकून जागा उंच केली असेल तर लक्षात ठेवा, अडलेलं पाणी दुसऱ्याच्या घरात शिरतं.