पुस्तक भिजले होते

गेल्या पावसाळ्यात एक जुने मराठी पुस्तक मी संगणकाच्या पडद्यावर उघडले. पुस्तक हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातले. मुखपृष्ठ येण्याआधीच एक कोरा कागद आला आणि त्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत एकच वाक्य होते : 'द बुक वॉज ड्रेंच्ड.' पुस्तक भिजले होते. पुढे 'युनिव्हर्सल लायब्ररी' हे शब्द, 'ओयू' ही आद्याक्षरे आणि एक क्रमांक. मग ग्रंथालयाची नेहमीची चिठ्ठी : कॉल नंबर, लेखक, ग्रंथनाम आणि पुस्तक वेळेत परत करण्याची सूचना.

हैदराबाद आणि भिजणे हे दोन शब्द एकत्र आले की आमच्याकडे मुसी नदीचा पूर आठवतो. 28 सप्टेंबर 1908 चा तो पूर. त्यात हजारो माणसे वाहून गेली. आजी तिच्या सासूकडून ऐकलेल्या गोष्टी सांगत असे. क्षणभर मला वाटले, हे पुस्तक त्याच पुरातले! पण तारखा जुळेनात. विद्यापीठ स्थापन झाले 1918 साली, पुरानंतर दहा वर्षांनी. मग छप्पर गळले असेल, की कुणा विद्यार्थ्याच्या पिशवीत पाणी शिरले असेल? ते कळायला मार्ग नाही. मात्र पुस्तकाची छायाचित्रे घेताना कुणीतरी 'हा माल असाच हाती आला' असे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. जुने कारकून दप्तरात 'कागद फाटका, मजकूर अपुरा' असा शेरा मारीत, त्याच जातीची ही नोंद. मला ती मोलाची वाटली.

या विद्यापीठाशी आपल्या सरहद्दीच्या जिल्ह्यांचे नाते काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी 1917 साली फर्मान काढले आणि दुसऱ्या वर्षी विद्यापीठ उभे राहिले. शिक्षणाचे माध्यम उर्दू. इंग्रजीऐवजी एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा मोठा प्रयोग होता आणि त्यासाठी पाठ्यपुस्तके उर्दूत आणणारे भाषांतर खाते, दारुल तर्जुमा, मुद्दाम काढले गेले. प्रयोग धाडसी खरा, पण संस्थानातल्या बहुसंख्य प्रजेची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती, हीही गोष्ट तितकीच खरी. बीदर, उस्मानाबाद, नांदेड, परभणीकडची मुले घरी मराठी, बाजारात कानडी किंवा तेलुगू आणि वर्गात उर्दू अशा तीन दारांतून ये-जा करीत वाढली. त्याच विद्यापीठात मराठीचा विभागही होता. डॉ. ना. गो. नांदापूरकर तिथे मराठी शिकवीत, आणि त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर त्यांच्याकडे राहूनच हैदराबादेत शिकले.

आमचे आजोबा भालकीकडचे. ते 1938 साली उस्मानियाच्या वसतिगृहात होते. त्या वर्षाच्या अखेरीस वसतिगृहाच्या प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून संघर्ष पेटला. औरंगाबादच्या कॉलेजातही तो पेटला होता. शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षण सोडावे लागले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच. 'पण लक्षात कोण घेतो' ही हरिभाऊंची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली, हे दुभाषी घरांतल्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते.

आजोबा नागपूरला गेले नाहीत. घरची परिस्थिती नव्हती. ते गावी परतले आणि आयुष्यभर दुकानाच्या वह्या लिहीत राहिले. 'मला काढून टाकले होते' असे ते सांगत. एका काकांचे म्हणणे मात्र वेगळे : फी थकली म्हणून परत आले, नंतर गोष्ट रचली. या एका वाक्यावरून आमच्या घरात दोन भावांनी वर्षभर अबोला धरला होता. कागद कुणाकडेच नव्हता. आजोबा गेले आणि प्रश्न तसाच राहिला.

अशी घरे आपल्या भागात पुष्कळ असतील. कारण सोपे आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर, गुलबर्गा आणि रायचूर म्हैसूरला जोडले गेले आणि तेलंगण आंध्रात. माणसे तीन राज्यांची झाली, विद्यापीठ मात्र तिथेच राहिले. औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघाले ते ऑगस्ट 1958 मध्ये. तोवर मराठवाड्यातली कॉलेजे उस्मानियालाच जोडलेली होती. डॉ. आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेत सुरू केलेले कॉलेजही त्यांतलेच. तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या शिक्षणाचा माग काढायचा तर वाट हैदराबादेकडेच जाते.

आता पडद्यावरच्या पुस्तकाकडे वळतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्राध्यापक राज रेड्डी यांनी दहा लाख पुस्तके संगणकावर आणण्याचा संकल्प सोडला. भारत, चीन, इजिप्त असे देश त्यात आले. 2007 च्या अखेरीस पंधरा लाख पुस्तकांची घोषणा झाली. भारतातल्या कामाला 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' म्हणत. हैदराबादची ट्रिपल आयटी ही संस्था त्याचे एक मोठे केंद्र होती. उस्मानियाच्या ग्रंथालयातली पुस्तकेही या कामात आली. उर्दू, तेलुगू, मराठी, कानडी, फारसी, सगळी एकाच रांगेत, एकाच क्रमांकाच्या माळेत. भाषावार प्रांतरचनेने जे वेगळे केले ते या माळेत पुन्हा शेजारी बसले.

पण पुस्तक संगणकावर चढवणे आणि ते टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे संकेतस्थळ 2017 च्या सुमारास बंद पडले. मुख्य अडचण स्वामित्वहक्काची होती. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो हक्क राहतो, आणि इतक्या पुस्तकांत कोणते मोकळे नि कोणते नाही हे ठरवणे सोपे नव्हते. सुदैवाने त्यांतल्या चार लाखांहून अधिक पुस्तकांची प्रत 'इंटरनेट अर्काइव्ह' या परदेशी संस्थेकडे गेली होती. मी पाहिलेले पुस्तक त्याच प्रतीतले. एका घरी दिवा विझला तरी दुसऱ्या घरी ज्योत लावून ठेवलेली होती, म्हणून दिसले.

दुसरी अडचण नावांची. मराठी ग्रंथनामे रोमन लिपीत नोंदवायची झाली की एका 'ज्ञ'ची तीन रूपे होतात. शोधणाऱ्याने एक लिहावे आणि नोंदणाऱ्याने दुसरे लिहिलेले असावे. मग पुस्तक असूनही नसल्यासारखे. ग्रंथ हरवतो तो बहुधा कपाटातून नाही, यादीतून.

दुसऱ्यांचे कशाला सांगू? एका छोट्या मराठी संस्थेत आम्ही काही जणांनी मोठ्या उत्साहाने जुने दिवाळी अंक आणि इतिवृत्ते सीडींवर उतरवली होती. काही वर्षांनी लावून पाहिल्या, तर निम्म्या उघडल्याच नाहीत. ज्या उघडल्या, त्यांतला मजकूर त्या काळच्या कुठल्याशा खासगी टंकात होता. पडद्यावर नुसती चिन्हे उमटली. 'आता काम झाले' म्हणून मूळ गठ्ठे आम्ही रद्दीत दिले होते. ती चूक माझीही आहे.

त्यातून शिकलो ते एवढेच. मूळ कागद टाकू नये. प्रती निदान तीन असाव्यात आणि त्यांतली एक परगावी. मजकूर सर्वत्र वाचता येईल अशा युनिकोड लिपीत असावा आणि दर चार-पाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवावा. आणि ताळा पाहावा. गुणाकार बरोबर आला की नाही हे आपण शाळेत ताळा करून पाहत असू. संगणकही प्रत्येक फायलीची तशीच एक खूणसंख्या काढून देतो. पुढच्या वर्षी तीच संख्या आली तर फाईल शाबूत, बदलली तर कुठेतरी वाळवी लागली. दप्तरदार तेरीज मांडत, त्याहून हे फार निराळे नाही.

त्या पुस्तकाच्या चिठ्ठीकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. काही तारखा पुसट उमटलेल्या होत्या. त्यांत एखादी आजोबांची असेल, नसेलही. तसे म्हणायचा मला अधिकार नाही. पण येत्या थंडीत हैदराबादला जाऊन विद्यापीठाकडे रीतसर अर्ज करायचे ठरवले आहे. सोबत काकाही येणार आहेत. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. परवा फोनवर म्हणाले, "नाव निघालं तर मी चुकलो म्हणेन. नाही निघालं तरी भांडणार नाही. पण एकदा बघू या."