व्हीपीएनमधील पत्ता-गळती

व्हीपीएन चालू असतानाही वापरकर्त्याचा खरा आयपी पत्ता समोरच्या संकेतस्थळाला कळणे, किंवा त्याने कोणती संकेतस्थळे उघडली हे त्याच्या इंटरनेट पुरवठादाराला कळणे, याला पत्ता-गळती म्हणतात. फोनमधून किंवा संगणकातून निघणारी माहिती व्हीपीएन कूटबद्ध करून दूरच्या सर्व्हरपर्यंत नेते आणि तिथून पुढे त्या सर्व्हरचाच पत्ता दिसतो. बंदिस्त वाटेच्या या रचनेला बोगदा म्हणतात. पुणे-सातारा रस्त्यावरील खंबाटकीला अनेक वर्षे पुण्याकडे जाणारी वाहने बोगद्यातून आणि साताऱ्याकडे जाणारी उघड्या घाटातून जात आली. गळतीतही काही माहिती बोगद्यातून आणि काही उघड्यावरून जाते. पडद्यावर व्हीपीएनचे किल्लीचे चिन्ह मात्र कायम असते, म्हणून वापरणाऱ्याला शंका येत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बहुतेकांचे इंटरनेट मोबाइलवर चालते, त्यामुळे येथे पहिला संशय आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर घ्यावा. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात आणि ते केव्हाच अपुरे पडले. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओचे जाळे सुरुवातीपासून आयपीव्ही६ वर उभे आहे. या पद्धतीच्या वापरात भारत आज जगातील आघाडीच्या देशांत आहे. अनेक व्हीपीएन ॲप मात्र आयपीव्ही४ च्या काळातील. ती जुन्या पत्त्याची वाहतूक बोगद्यात घालतात आणि नव्या पत्त्याची तशीच बाहेर सोडतात. रोम आणि लंडन येथील संशोधकांनी २०१५ मध्ये १४ व्यावसायिक सेवा तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुतेकींत हीच गळती आढळली.

तिचा परिणाम जुन्या पत्त्याच्या गळतीपेक्षा गंभीर असतो. आयपीव्ही४ चा एकच पत्ता पुरवठादार शेकडो ग्राहकांत वाटून देतो. असा पत्ता शोधून पाहिला तर विट्याचा किंवा फलटणचा माणूस बहुधा पुण्यात वा मुंबईत दिसतो. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक जोडणीला स्वतंत्र पत्ते मिळतात. पत्ता वेळोवेळी बदलत असला, तरी त्या क्षणी तो एकाच फोनकडे किंवा एकाच घराकडे बोट दाखवतो. वाळूउपशाची माहिती देणारा गावकरी, स्थानिक पत्रकार, कौटुंबिक छळातून निसटलेली बाई यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

गळती तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर, व्हीपीएन बंद असताना, पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडावे आणि दिसणारे दोन्ही पत्ते टिपून ठेवावेत. जिओचा आयपीव्ही६ पत्ता बहुधा २४०९ ने सुरू होतो, एअरटेलचा २४०१:४९०० ने. मग व्हीपीएन चालू करून तेच पान पुन्हा उघडावे. टिपलेला आयपीव्ही६ पत्ता तसाच दिसला, तर ॲपमध्ये आयपीव्ही६ रोखण्याची सोय शोधावी. ती नसेल तर ते ॲप काढून टाकावे.

गळतीची दुसरी वाट डीएनएस. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणारी ही विचारणा बोगद्याबाहेरून पुरवठादाराकडे गेली, तर आपण काय वाचतो याची यादी त्याला मिळते. विंडोज ८ पासून ही विचारणा वेगासाठी उपलब्ध सर्व जोडण्यांवरून एकदम होऊ लागली, त्यामुळे तेथे गळती वाढली. चांगल्या सेवा स्वतःचा डीएनएस वापरतात आणि बाकीच्या वाटा बंद करतात.

ब्राउझरमधील वेबआरटीसी ही सोय व्हिडिओ संभाषणासाठी आहे. तिच्यातून खरा पत्ता बाहेर पडू शकतो हे जानेवारी २०१५ मध्ये प्रात्यक्षिकाने दिसले. फायरफॉक्समध्ये ती पूर्ण बंद करता येते, पण मग ब्राउझरमधून चालणाऱ्या ऑनलाइन बैठकाही बंद पडतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गावी परतून पुण्याच्या कंपन्यांचे काम करू लागलेल्यांना हे परवडणारे नव्हते. त्यावर सोपा उपाय म्हणजे बैठकीसाठी एक ब्राउझर आणि खाजगी वापरासाठी दुसरा. कंपनीचे व्हीपीएन अनेकदा फक्त कार्यालयाची वाहतूक बोगद्यात घेते; ती मुद्दाम केलेली रचना आहे, तिला गळती म्हणू नये.

जोडणी तुटते तो क्षण सर्वांत नाजूक. कुंभार्ली घाटात किंवा कासच्या रस्त्यावर रेंज जाते, परत येते आणि व्हीपीएन पुन्हा जोडले जाईपर्यंत फोन उघड्या वाटेने बोलून मोकळा होतो. हे रोखणाऱ्या सोयीला किल स्विच म्हणतात. अँड्रॉइड ८ आणि त्यापुढील आवृत्त्यांत सेटिंगमध्ये ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ आणि व्हीपीएनविना जोडणी रोखण्याचा पर्याय आहे. दोन्ही चालू करावेत. तरीही इंटरनेट चालू आहे का हे पाहणारी अँड्रॉइडची स्वतःची तपासणी बाहेरून जाते, हे मुलवाड या व्हीपीएन सेवेने ऑक्टोबर २०२२ मध्ये दाखवून दिले.

महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांतील मोफत वाय-फायसारख्या परक्या जाळ्यांचा धोका मे २०२४ मध्ये नव्याने पुढे आला. ‘टनेलव्हिजन’ या हल्ल्यात जाळ्यावरील दुष्ट यंत्र जोडणीच्या वेळीच संगणकाला वेगळी वाट शिकवते आणि माहिती बोगद्याबाहेर वळवते. अँड्रॉइडमध्ये जाळ्याकडून अशी वाट शिकण्याची सोयच नसल्याने त्यावर हा हल्ला चालत नाही. लॅपटॉप वापरणाऱ्याने अशा ठिकाणी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट वापरणे बरे.

इंटरनेटच बंद असेल, तर व्हीपीएनचा काही उपयोग नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळीच्या हिंसाचारानंतर सातारा जिल्ह्यात इंटरनेट सेवा बंद ठेवली गेली होती. अशा वेळी बोगद्याला आधार देणारी जोडणीच उरत नाही.

भारतात व्हीपीएन वापरणे कायदेशीर आहे. मात्र सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवांनी ग्राहकाचे नाव, संपर्क आणि आयपी पत्ता निदान पाच वर्षे जपून ठेवायचा असतो. कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन यातून वगळलेली आहेत. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी त्यानंतर भारतातील सर्व्हर हलवले. गळती पूर्ण थांबवली तरी आपला खरा पत्ता व्हीपीएन चालवणाऱ्या कंपनीला माहीत असतोच. म्हणून मालक कोण आणि नोंदी किती ठेवल्या जातात हे न सांगणारे फुकट ॲप वापरू नये.