काठीत घर घेताना

निवृत्तीनंतर सातपुड्यात एखादे घर आणि दोन-चार एकर जमीन घ्यावी, ही माझी जुनी हौस. तिचे मूळ मात्र फ्रान्समध्ये. पीटर मेल या इंग्रज लेखकाचे प्रॉव्हान्समधील वास्तव्यावरचे पुस्तक १९८९ साली आले आणि दगडी भिंतींची जुनी शेतघरे विकत घेण्याचे वेड दूरवर पसरले. लागण मलाही झाली.

अक्कलकुवा तालुक्यातील काठीला मी राजवाडी होळीसाठी गेलो होतो. रात्रभर ढोल वाजले, पहाटे होळी पेटली. ज्यांच्याकडे उतरलो त्यांचे घर सागाच्या खांबांवर उभे, भिंती बांबूच्या कुडाच्या, वर शेणमातीचा लेप; माणसे आणि गुरे एकाच छपराखाली. दगड नव्हता, पण मन बसले. निघताना घरधन्याला विचारले, "बाबा, असे घर आणि थोडी जमीन मला मिळेल का?" म्हातारा हसला. "घर ने की भाऊ. खांब काढून देतो, कौले उतरवून देतो. जमीन कशी देऊ?"

मला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. सरदार सरोवराच्या पाण्याने मणिबेली बुडू लागली तेव्हा लोकांनी घरांचे सागवान आणि कौले उतरवून नेली होती. घर हलते. जमिनीसाठी मात्र नर्मदा लवादाचा १९७९ चा निवाडा लागला: बुडणाऱ्या खातेदाराला किमान दोन हेक्टर, जमिनीच्या बदल्यात जमीन.

काठी हे खानदेशातील मेवासी इस्टेटींपैकी एक. भिल्ल प्रमुखांच्या या इस्टेटी इंग्रजांनी जिल्ह्याच्या कलेक्टरच्या देखरेखीखाली ठेवल्या. प्रमुखांचे मालकी हक्क संपले ते १९६१ च्या विनियमाने, आणि तोही विधिमंडळाचा कायदा नव्हे. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना दिलेल्या अधिकारातला. आपल्याकडे संस्थानांच्या विलीनीकरणावर पुष्कळ लिहिले गेले, या लहान इस्टेटींकडे फारसे कोणी वळले नाही.

पुढचा कायदा माझ्या आड येणारा. जमीन महसूल संहितेत १९७४ साली कलम ३६ अ आले. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला पाच वर्षांपर्यंत गहाण किंवा भाड्याने द्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. विक्रीसाठी त्याशिवाय राज्य शासनाची मान्यता. सोबत जमीन परत करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली शेतजमीन मूळ आदिवासी खातेदाराला मिळणार होती.

हा कायदा मला लहानपणापासून ठाऊक होता, फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते. आमच्या घरात त्याला "सरकारने आपली जमीन खाल्ली" असे म्हणत. तळोद्याकडे आजोबांचे दुकान आणि थोडी सावकारी होती. त्यांच्या ट्रंकेत १९६३ चे खरेदीखत सापडले: चार एकर, मोबदला तीनशे रुपये, आणि मजकुरात "पूर्वीच्या देण्यापोटी". म्हणजे त्या दिवशी रोख काहीच दिले नव्हते. पूर्वीचे देणे म्हणजे पावसाळ्यात उचललेली ज्वारी आणि तिच्यावरची वाढ. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. अशाच खतांनी शहादा-तळोद्याच्या सपाटीवरची जमीन हातोहात गेली आणि तिचे मालक तिच्यावरच सालदार झाले. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला, तो यासाठी. आमच्या घरी त्याचा उल्लेख "दंगा" असा होई. अंबरसिंग १९७४ साली गेले, कायदे आले त्याच वर्षी.

फ्रान्सकडे पुन्हा पाहिले, तर तिथेही शेतजमीन म्हणजे पैसे टाकले की मिळाली असे नाही. १९६० च्या कायद्याने 'साफेर' नावाच्या संस्था उभ्या राहिल्या. शेतजमीन विकायची तर त्यांना कळवावे लागते, आणि त्या ती आधी स्वतः विकत घेऊन शेतकऱ्याला देऊ शकतात. शेतघरांच्या रम्य वर्णनांतून हे सहसा गळते. पण तिथे आडवा येतो तो आधी हक्क सांगणारा गिऱ्हाईक. इथे माझ्या आड आले ते आमच्याच आजोबांच्या हातचे खत.

काठीचा नाद मी सोडला. त्या चार एकरांचा गट नंबर शोधून सातबारा मात्र काढला. खातेदार म्हणून अंगठा देणाऱ्याच्या नातवंडांची पाच नावे आहेत. इतर हक्काच्या रकान्यात हस्तांतरणास बंदी असल्याची नोंद आहे. तो उतारा खरेदीखतासोबत त्याच ट्रंकेत ठेवला आहे. मुलांना दोन्ही एकदम सापडावेत.