नीलमापकाची कुळकथा

आकाशाची निळाई अंकांत मांडण्याचा पद्धतशीर प्रयत्न अठराव्या शतकाच्या अखेरीस जिनिव्हाचे निसर्गवैज्ञानिक ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी केला आणि त्यातून ‘सायनोमीटर’, म्हणजेच नीलमापक, हे साधन जन्माला आले. पर्वत चढत जावे तसतसे आकाश गडद होत जाते, हे आल्प्समध्ये वावरणाऱ्यांना ठाऊक होते. पण गडद म्हणजे नेमके किती, हे सांगण्याची सोय नव्हती. म्हणून 1787च्या ऑगस्टमध्ये मोंब्लां शिखरावर जाताना सोस्यूर यांनी प्रशियन निळ्या रंगाच्या, म्हणजे त्याच शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झालेल्या लोहयुक्त कृत्रिम रंगाच्या, कमीअधिक गडद छटांचे कागद बरोबर नेले.

पुढे त्या कागदांचे चक्र झाले. पांढऱ्यापासून निळ्यातून काळ्यापर्यंत जाणाऱ्या 53 छटा पुठ्ठ्याच्या कड्यावर चिकटवलेल्या असत आणि आकाशाशी जुळणाऱ्या छटेचा क्रमांक हाच त्या निळाईचा अंश मानला जाई. वरवर पाहता हे रंगाऱ्याचे काम वाटते, परंतु साधनाचे खरे मर्म लगतच्या दोन छटांमधील फरक ठरवण्यात आहे: पांढऱ्या कागदावरचा ठरावीक आकाराचा काळा ठिपका ज्या अंतरावरून दिसेनासा होतो, त्याच अंतरावरून त्या छटांमधला भेदही लोपावा, असा दंडक सोस्यूर यांनी घातला, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर तीक्ष्ण असो वा मंद, अंश तेवढाच राहिला. ही युक्ती त्यांच्या प्रतिभेची खरी साक्ष आहे.

मोंब्लांच्या माथ्यावरचे आकाश या मापाने 39 अंशांचे ठरले, तर 1802 मध्ये आलेक्झांडर फोन हुम्बोल्ट यांनी अँडीजमधील चिंबोराझो पर्वतावर 46 अंशांची नोंद केली.

निळाईचा उगम मात्र चक्राला सांगता येणारा नव्हता. सोस्यूर यांच्या मते हा अंश हवेतील बाष्पकणांचे प्रमाण दर्शवी, आणि असे कण निळाई फिकी करतात इतपत ते खरेही होते. 1871 मध्ये लॉर्ड रॅले यांनी दाखवले की अतिसूक्ष्म कणांमुळे होणारे प्रकाशाचे विकिरण, म्हणजे त्याचे चहूकडे विखुरणे, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे सहापट विखुरतो. आणि 1899 मध्ये त्यांनी हवेचे रेणूच त्यासाठी पुरेसे असल्याचे मांडले. उंचीवर डोक्यावरची हवा कमी उरते, विखुरलेला प्रकाश घटतो आणि त्यामागचा अंतराळाचा काळोख जाणवू लागतो. सोस्यूर बाष्प मोजू पाहत होते. त्यांच्या चक्राने डोक्यावरील हवेचा पातळपणाही नोंदवला होता.