पाटील नक्की कोण? एक आडनाव आणि त्यामागची हजार घरं

तुमच्या मोबाईलमध्ये 'पाटील' नावाने किती नंबर सेव्ह आहेत, एकदा बघा. पाटील सर, पाटील डॉक्टर, पाटील वायरमन, पाटील दूधवाले, पाटील एलआयसी... आता त्यातले एकमेकांचे नातेवाईक किती? बहुतेकांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. जात वेगळी, कुलदैवत वेगळं, देवक वेगळं, बोली वेगळी. काही ठिकाणी धर्मसुद्धा वेगळा.

हा विषय आज काढायचं कारण आहे. गेली दोन-तीन वर्षं तहसील आणि भूमी अभिलेखच्या आवारात लोक जुन्या नोंदी शोधत फिरतायत. कुणाला कुणबी नोंद हवी, कुणाला जातपडताळणीसाठी पणजोबांचा कागद हवा, कुणाचा वारसाचा वाद आहे. यातले निम्मे लोक पहिली चूक इथेच करतात. ते आडनाव धरून शोधतात. आणि व्हॉट्सअॅपवर 'अमुक आडनावाचे मूळ कुळ, मूळ गाव, मूळ राजवंश' असले तक्ते फिरतात, ते बिनधास्त पुढे ढकलतात. म्हणून ही जरा लांब पोस्ट. वेळ काढून वाचा.

आधी साधी गोष्ट. पाटील हे मुळात आडनावच नव्हतं. ती होती गावची जबाबदारी. सारा गोळा करायचा, पडीक जमीन वहिवाटीला आणायची, गावात तंटा झाला तर मिटवायचा, चोरी झाली तर माग काढायचा. जुन्या शिलालेखांत 'पट्टकील' शब्द येतो, त्यातूनच आपला पाटील आणि गुजरातचा पटेल आला, असं अभ्यासक मानतात. मध्ययुगीन कागदांत त्यालाच 'मोकदम' म्हटलेलं दिसतं. कानडी मुलखात तोच 'गौडा'. म्हणजे कर्मवीर भाऊराव पायगौंडा पाटील या नावात वडिलांच्या नावात एकदा आणि आडनावात एकदा, असं गावप्रमुखपण दोनदा आलंय!

मग पाटलाचं खरं आडनाव काय असायचं? शिवकाळातला सगळ्यांना माहीत असलेला दाखला घ्या. रांझे गावच्या पाटलाने बदअमल केला म्हणून महाराजांनी त्याचे हातपाय तोडायची शिक्षा दिली. त्या पाटलाचं नाव बाबाजी भिकाजी गुजर. आणि त्याच्याकडून काढून घेतलेली पाटीलकी दिली ती सोनजी गुजर या त्याच्याच भावकीतल्या माणसाला. आडनाव गुजर, काम पाटीलकी. पाटीलकी काढून घेता येत होती, दुसऱ्याला देता येत होती. आडनाव असं काढून घेता येतं का?

खुद्द भोसल्यांच्या घराण्याकडे गावांच्या पाटीलक्या होत्या. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे पाटील. त्याच घरातले महादजी शिंदे पुढे थेट दिल्लीच्या राजकारणात पोचले, बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकी मिळवली, तरी त्यांना 'पाटीलबावा' म्हणवून घेण्यात मोठेपण वाटायचं. अहिल्यादेवींचे वडील माणकोजी शिंदे हे चौंडीचे पाटील. आता गंमत बघा. महादजी शिंदे मराठा, माणकोजी शिंदे धनगर. दोघांचं आडनाव शिंदे, दोघांच्या घरी पाटीलकी, आणि घराणी दोन वेगळी. आडनावावरून कुळ सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

पाटीलकी हे वतन होतं, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क. ती विकता यायची, गहाण पडायची, वाटणीत तिचे तुकडे व्हायचे. निम्मी पाटीलकी, पाव पाटीलकी, थोरली पाती, धाकटी पाती. होळीची पहिली पूजा कुणाची, पोळ्याला पहिला बैल कुणाचा, लग्नात पहिला विडा कुणाला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले. त्या काळच्या निवाड्यांची दप्तरं अशा भांडणांनी भरलेली आहेत. आजही अनेक गावांत यात्रेच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा यावर वातावरण तापतं. त्याचं मूळ इथं आहे.

इंग्रज आले. त्यांनी वतनं मोडली नाहीत, पण नियमांत बसवली. १८७४ चा वतन कायदा आला. मुलकी पाटील आणि पोलीस पाटील अशी कामं वेगळी झाली. याच कायद्याखाली महार वतनही होतं, ज्यात काम रात्रंदिवस आणि मोबदला नावाला. ते बदलावं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. एकाच कायद्याच्या छताखाली एका घराला मान मिळत होता आणि दुसऱ्या घराला वेठ. पाटीलकीचा इतिहास सांगताना हे विसरून चालणार नाही.

आडनावाची खरी गडबड झाली ती कागदामुळे. पूर्वी गावात माणूस ओळखला जायचा तो 'रामा बिन गणू' असा. बिन म्हणजे मुलगा. बाई असेल तर 'जानकी कोम रामा'. कोम म्हणजे बायको. आडनावाची गरजच नव्हती, गाव एवढंसं. पुढे शाळा आल्या, रेल्वे आली, मुंबईच्या गिरण्या आल्या, पलटणीत भरती सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी रजिस्टर आणि त्यात आडनावाचा रकाना. मास्तर विचारायचे, 'आडनाव काय?' कुणी कुळाचं नाव सांगितलं, कुणी गावाला 'कर' जोडलं, कुणी हुद्दा सांगितला. ज्याच्या चुलत्याकडे पाटीलकी होती त्यानेही पाटील लावलं. एका भावाने जाधव लिहिलं, दुसऱ्याने पाटील. दोन पिढ्या गेल्या की त्यांच्या नातवांना आपण एकाच घरातले आहोत हेही माहीत नसतं.

मोठी नावं घ्या. प्रतिसरकार उभं करणारे क्रांतिसिंह नाना पाटील, त्यांचं मूळ आडनाव पिसाळ. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, शाळेच्या रजिस्टरला आंबेडकर. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख मूळचे सिधये. डॉ. पंजाबराव देशमुखांचं घर मूळचं कदम. म्हणजे दोघांचं आडनाव देशमुख. एक चित्पावन, एक कुणबी-मराठा. तिसरे देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव, ते कायस्थ प्रभू. तिघांत समान काय, तर पूर्वजांकडे असलेली देशमुखी.

आता परत पाटलांकडे. रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव जैन. अलिबागजवळच्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला, त्याचे पुढारी नारायण नागू पाटील, आणि नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांसाठी आयुष्य वेचणारे दि. बा. पाटील, हे दोघे आगरी. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील खानदेशातल्या राजपूत घरातल्या. चाकूरचे शिवराज पाटील लिंगायत. कर्नाटकचे मुख्यमंत्री झालेले वीरेंद्र पाटीलही लिंगायत. पद्माळ्याचे वसंतदादा मराठा. जळगावकडचे पाटील बघायला गेलात तर लेवा पाटील, मराठा पाटील, राजपूत पाटील, गुजर पाटील अशी वेगवेगळी घरं. कोळी, भंडारी, धनगर पाटील आहेत. मुसलमान पाटीलही आहेत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यातल्या वाचकांना हे नवीन नाही.

राजकारणात तर एकाच नावाचे दोन जयंत पाटील एकाच वेळी विधिमंडळात होते. एक इस्लामपूरचे, एक अलिबागचे शेकापचे. बातमीत गाव किंवा पक्ष लिहिला नाही की दिवसभर फोन! हा अनुभव आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला आहे. पण गोष्ट विनोदाच्या पुढची आहे. दोन माणसांत फरक करायला आपण गाव विचारतो. नेमका तोच नियम जुन्या नोंदींना लागू होतो.

स्वातंत्र्यानंतर वतनं गेली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं संपली आणि तलाठी आला. १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. १९६२ मध्ये मुलकी पाटलाचं पद संपवलं. आजचा पोलीस पाटील १९६७ च्या कायद्यानुसार नेमला जातो, परीक्षा देऊन, आरक्षणाप्रमाणे. महिला पोलीस पाटील आहेत, मागासवर्गीय पोलीस पाटील आहेत. त्यांतल्या अनेकांचं आडनाव पाटील नाही. हुद्दा एका वाटेने गेला, आडनाव दुसऱ्या वाटेने राहिलं.

आता मुद्द्याचं. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावच्या जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, त्यावर या पोस्टखाली भांडू नका. त्या शोधाने एक गोष्ट मात्र उघडी पाडली. आपल्याला आजोबांच्या वडिलांचं नाव माहीत नाही. लोक येतात आणि म्हणतात, 'आमच्या आडनावाची नोंद सापडली, आता आमचं काम झालं.' असं होत नाही. नोंद माणसाची असते. तो माणूस तुमचा कोण, हे पायरीपायरीने दाखवावं लागतं. आणि उलटंही घडतं. आडनाव जुळत नाही म्हणून लोक नाराज होऊन घरी जातात, आणि खरी नोंद आडनावाशिवाय, नुसत्या 'गणू बिन तात्या' अशी तिथंच पडून असते.

जातपडताळणीत तारखेला महत्त्व आहे. मानीव दिनांक म्हणतात त्याला. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा कागद वजनदार. भटक्या समाजाची अडचण इथंच आहे. ज्यांचं गावच ठरलेलं नव्हतं, त्यांची गावदप्तरात नोंद कुठून असणार? पाटलाच्या घराण्याचा कागद चार ठिकाणी सापडतो, पालावरच्या माणसाचा एकही सापडत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनी ज्यांना लिहिलं नाही, त्यांना आजचं ऑफिस पुरावा मागतं.

तर शोधायचं कसं? मला जे कळलंय ते सांगतो.

१. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आडनाव विचारू नका, ते माहीतच आहे. मूळ गाव, कुलदैवत, देवक, आणि 'आपली भावकी अजून कुठे कुठे आहे' हे विचारा.

२. गावच्या शेतीचे गट नंबर आणि जुने सर्व्हे नंबर काढा. सातबारावरून फेरफारावर जा, एक एक फेरफार मागे सरका. माणसं आडनाव बदलतात, जमीन जागची हलत नाही. सगळ्यात भरवशाचा धागा हाच.

३. गाव नमुना १४, म्हणजे आपण कोतवाल बुक म्हणतो ते. जन्म-मृत्यूच्या नोंदी, बापाचं नाव, जात. बरंचसं मोडीत असतं. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक बघा. निजामाच्या काळातलं दप्तर उर्दूत मिळेल.

४. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. आजोबा ज्या शाळेत पहिलीत गेले तिथे. कदाचित तिथे त्यांचं आडनाव वेगळं असेल. दचकू नका, तो गट नंबराशी जुळवा.

५. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तुमच्या घरातलं कुणी तिथे विधीला गेलं असेल तर नाव असण्याची शक्यता मोठी. तिथेही आडनावाबरोबर गाव विचारतातच. आणि दक्षिण महाराष्ट्रात दारावर येणारा हेळवी. पिढ्यांची नावं, कुठल्या गावातून उठून कुठे आलो, हे तो सांगतो. त्याला चार पायली धान्य देऊन हाकलू नका, बसवून ऐका आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा.

६. पैसे घेऊन 'वंशावळ काढून देतो' म्हणणाऱ्यापासून सांभाळा. कागदाची नक्कल आणि ती कुठल्या दप्तरातून काढली ते दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

अजून एक गोष्ट. आपल्या वंशावळीत बायका कुठे आहेत? तक्ता काढला की बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. आजीचं नाव फार तर एका पिढीपर्यंत, आणि तेही लग्नानंतरचं. पणजीचं माहेर कुठलं, विचारा घरात. बहुतेक घरांत शांतता पसरेल. म्हणजे ज्या आडनावाचा आपण एवढा अभिमान धरतो, त्यात आपल्या पूर्वजांपैकी निम्म्या माणसांची गणतीच नाही. वही काढाल तेव्हा आजीच्या माहेरचा रकाना पहिल्यांदा भरा. मामाचं गाव हा पण इतिहासच आहे.

शेवटचं सांगतो. मोडी वाचणारे कमी होत चाललेत. वाड्याची दुरुस्ती काढली की जुन्या पेट्यांतले कागद रद्दीत जातात, नाहीतर बंबात. असे कागद तुमच्याकडे असतील तर जाळू नका. लॅमिनेशनही करू नका, त्याने कागद कायमचा खराब होतो. मोबाईलने सरळ वरून, उजेडात फोटो काढा, पान क्रमांक टाका आणि कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. आपल्या तालुक्यात मोडी वाचू शकणारं कुणी माहीत असेल तर त्यांना विचारून कमेंटमध्ये कळवा. आपण एक यादी करू. गरजू माणसाला उपयोग होईल.

आणि हो, कमेंटमध्ये तुमच्या घराण्याचं जुनं आडनाव लिहा. मूळ गावासह. बघू, किती पाटलांच्या आत कोण कोण दडलंय.